गाणे वाजले, साक्ष कोण देणार?



मागच्या पंधरवड्यात पाथर्डीहून नगरला एस.टी.ने चाललो होतो. करंजी घाटात पुढच्या बाकावरच्या एका पोराचा मोबाईल वाजला. बाबासाहेबांवरचे गाणे होते. पोराने झटकन फोन छातीशी दाबला, आवाज बंद केला आणि मग मान वळवून मागेपुढे पाहिले. गाडीत कोणी काही म्हणाले नव्हते. कोणाचे लक्षही नव्हते. तरी पोराचा चेहरा उतरला होता.

ते दाबणे आणि ते मान वळवून पाहणे मला नवे नाही. मी स्वतः ते माझ्या पुतण्याला शिकवले आहे.

मे २०१५ ची गोष्ट. आपल्याच जिल्ह्यात, शिर्डीला, लग्नासाठी आलेल्या एका तरुणाच्या मोबाईलवर बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन वाजली. त्यावरून त्याला मारहाण झाली आणि त्याचा खून झाला. तो नर्सिंगचे शिक्षण घेत होता. वर्तमानपत्रात ती बातमी वाचली त्या संध्याकाळी मी पुतण्याला जवळ बोलावले. तो तेव्हा एकोणीस वर्षांचा होता, कामासाठी रोज बाहेरगावी जात असे. मी म्हणालो, "बाळा, रिंगटोन बदल." तो म्हणाला, "काका, तुम्हीच तर जयंतीला भाषण करता." मी म्हणालो, "भाषण वेगळं. तू बदल." त्याने बदलली.

मी समाजाचा कार्यकर्ता म्हणवतो. आज तुमच्यापुढे हे कबूल करतो, कारण पुढचे जे काही लिहिणार आहे ते दुसऱ्या कोणाकडे बोट दाखवून लिहायचे नाही.

माझा जन्म १९८० सालचा. आमच्या लहानपणी वस्तीत एकच टेपरेकॉर्डर होता आणि विहारावर एक कर्णा. वामनदादा कर्डक, विठ्ठल उमप, प्रल्हाद शिंदे यांच्या आवाजावर आमची पिढी वाढली. माझ्या आईला अक्षर ओळखता येत नव्हते. पण महाड कुठे, नागपूर कुठे, रमाईने काय सोसले, हे तिला तोंडपाठ होते. ते तिला पुस्तकाने नाही, गाण्याने सांगितले. वामनदादा सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. २००४ साली ते गेले. गावोगाव पायी फिरून या माणसाने जे शिकवले ते कोणत्या शाळेने शिकवले असते? विठ्ठल उमप तर २६ नोव्हेंबर २०१० रोजी, संविधान दिनी, नागपूरला दीक्षाभूमीच्या मंचावरच कोसळले आणि गेले. म्हणून आमच्या गाण्याला कोणी 'नुसता धांगडधिंगा' म्हटले की मला राग येतो. गाणे ही आमची पहिली शाळा आहे.

पण शाळा आहे म्हणून परीक्षा चुकत नाही. गाणे जिथे संपते तिथून पुढे काय, हा माझा आजचा प्रश्न आहे.

चवदार तळ्याचेच घ्या. २० मार्च १९२७ हा दिवस आपल्या शेकडो गाण्यांत आहे. बाबासाहेब पायऱ्या उतरले, ओंजळीत पाणी घेतले. वाचकहो, त्यानंतर काय झाले? त्यानंतर महाडच्या काही सनातनी मंडळींनी डिसेंबर १९२७ मध्ये दिवाणी न्यायालयात दावा लावला. तळे खासगी आहे आणि अस्पृश्यांनी तिथे पाणी न भरण्याची वहिवाट फार जुनी आहे, असे त्यांचे म्हणणे. न्यायालयाने तात्पुरता मनाई हुकूम दिला. २५ डिसेंबरला बाबासाहेब हजारो लोकांसह महाडात होते. लोक पाण्यावर जायला उतावीळ होते. त्या दिवशी मनुस्मृतीचे दहन झाले, ते आपण जाणतोच. पण तळ्यावरचा सत्याग्रह बाबासाहेबांनी थांबवला. कारण प्रकरण कोर्टात होते आणि तिथेही लढायचे होते.

तो दावा किती वर्षे चालला ठाऊक आहे? खालच्या कोर्टात, मग अपिलात, मग मुंबई उच्च न्यायालयात. निकाल लागला १७ मार्च १९३७ रोजी. जवळजवळ दहा वर्षे! तळे खासगी नाही, आणि सांगितली जाते ती वहिवाट अनादी काळापासूनची असल्याचे सिद्ध होत नाही, म्हणून आपला विजय. हा विजय साक्षी आणि पुराव्यावर मिळाला. ओंजळभर पाण्याची गाणी आपल्याकडे ढीगभर आहेत. दहा वर्षांच्या तारखांचे गाणे मी तरी ऐकलेले नाही. चूक गाण्याची नाही. तारखांना ठेका धरता येत नाही.

आता माझ्या डोळ्यांपुढचे सांगतो. गावाचे नाव लिहीत नाही, तिथे आजही आपली माणसे राहतात. २०१६ च्या जयंतीला त्या गावात मिरवणुकीतल्या गाण्यावरून वाद झाला. एका पोराचे डोके फुटले, दोघांचे हात मोडले. फिर्याद लिहायला मी बसलो होतो. ॲट्रॉसिटीची कलमे लागली, तपास झाला, आरोपपत्र गेले. कायदा म्हणतो की आरोपपत्र दाखल झाल्यावर खटला शक्यतो दोन महिन्यांत निकाली काढावा. आमच्या खटल्याला साक्षीला लागायला तीन वर्षे गेली.

साक्षीदार पाच होते. आपल्या तालुक्याची रीत तुम्हाला माहीत आहे. दसरा झाला की निम्मे गाव कोयता घेऊन कारखान्यांवर जाते. जानेवारीची तारीख लागली तेव्हा समन्स घेऊन आलेल्या पोलिसाला दोन घरांना कुलूप दिसले. साक्षीदार कुठे कोल्हापूरकडे उसाच्या फडात. दुसऱ्या तारखेला वकील नव्हते. तिसऱ्या तारखेला, २०१९ च्या पावसाळ्यात, मी एका मावशीला घेऊन नगरच्या कोर्टात गेलो. घटना तिच्या दारापुढे घडली होती. पोराच्या डोक्याला तिनेच लुगडे फाडून बांधले होते.

मावशी पिंजऱ्यात उभी राहिली. सरकारी वकिलांनी विचारले, कोणी मारले? मावशी म्हणाली, "मला काय बी दिसलं न्हाई. डोळ्याला मोतीबिंदू हाय."

परतीच्या गाडीत मी तिच्याशी अर्धा तास बोललो नाही. मग तीच म्हणाली, "भाऊ, रागावू नको. गाण्यात समदं म्हणता येतं. कोर्टात नाव घ्यावं लागतं."

नंतर एकेक उलगडले. मावशीच्या नवऱ्याने ज्या मुकादमाकडून उचल घेतली होती तो आरोपीचा चुलत भाऊ. पाणी आणायचे ती विहीर आरोपीच्या वावरात. सून बाळंतपणाला आलेली. कोर्टापासून घरापर्यंत पन्नास-साठ किलोमीटर मी तिच्या सोबत होतो. पण त्यानंतरचे तीनशे पासष्ट दिवस ती एकटीच राहणार होती. मी तिला काय म्हणणार? मीच तर पुतण्याची रिंगटोन बदलायला लावली होती.

त्या रात्री उशीर झाला म्हणून मावशी आमच्याकडेच मुक्कामाला राहिली. तेव्हा स्टार प्रवाहवर 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर – महामानवाची गौरवगाथा' ही मालिका लागत असे. मे २०१९ ते ऑक्टोबर २०२० पर्यंत ती चालली. सागर देशमुख यांनी बाबासाहेब साकारले. आमच्या वस्तीत त्या वेळेला गल्लीत कुत्रेही भुंकत नसे. मावशीने टीव्हीपुढे बसून हात जोडले ते भाग संपेपर्यंत सोडले नाहीत. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होते. मोतीबिंदू असलेल्या डोळ्यांना सगळे दिसत होते.

मालिकेबद्दल माझे मत विचाराल तर चांगलेच आहे. आमच्या पिढीला बाबासाहेब पुतळ्यात आणि फोटोत भेटले. या मालिकेत लेकरांना ते मुलगा, नवरा, बाप, विद्यार्थी म्हणून भेटले. हे थोडे काम नाही. पण मालिकेचा एक स्वभाव असतो. अर्ध्या तासात अन्याय होतो, नायक उभा राहतो, संगीत वाजते आणि आपण जिंकतो. घरातल्या लेकराला वाटते, लढाई अशीच असते. २०१४ साली श्याम बेनेगलांनी राज्यसभा टीव्हीसाठी 'संविधान' नावाची दहा भागांची मालिका केली, सचिन खेडेकर त्यात बाबासाहेब झाले होते. कलमावर कलम कसे घासून तयार झाले ते त्यात आहे. आपल्या वस्तीत ती किती जणांनी पाहिली? मी विचारले तेव्हा एका शिक्षकाने हात वर केला. गुंडगिरीच्या मारामाऱ्या पाहायला आपल्याला वेळ आहे, आणि घटना समितीची चर्चा लांबट वाटते.

२०२१ मध्ये 'जय भीम' हा तमिळ चित्रपट आला. अभिनेता सूर्या यांनी त्यात वकिलाचे काम केले आहे. तो मात्र सर्व घरांनी एकत्र बसून पाहावा. तमिळनाडूतील पोलीस कोठडीतल्या मृत्यूच्या खऱ्या प्रकरणावर तो आधारलेला आहे. घटना १९९३ ची; पोलिसांना शिक्षा झाली २००६ मध्ये. तेरा वर्षे. त्या चित्रपटाचा खरा नायक मला वकील वाटला नाही. एक गरोदर बाई, हातात काही नसताना, पैसे देऊ केले तरी 'नको' म्हणते आणि कोर्टात येत राहते. ती नायक.

आता राजकारणाकडे येतो. आपल्या नगर जिल्ह्याचा, आता ज्याचे नाव अहिल्यानगर झाले आहे त्याचा, दहा-बारा वर्षांचा हिशेब मांडा. जानेवारी २०१३, नेवासे तालुक्यातील सोनई: तीन तरुणांची हत्या. एप्रिल २०१४, जामखेड तालुक्यातील खर्डा: सतरा वर्षांच्या विद्यार्थ्याचा खून. जुलै २०१६, कर्जत तालुक्यातील कोपर्डी: एका लेकीवर अत्याचार आणि तिचा खून. प्रत्येक ठिकाणी गाड्यांचा ताफा आला, सांत्वन झाले, फोटो निघाले. आमच्या रिपब्लिकन पक्षाचे तर काय सांगावे? पक्षाचे नाव लिहिले की पुढे कंस करून गट लिहावा लागतो. कंसातले नेते एकेक करून येऊन गेले. दुसऱ्या पक्षांचेही आले. तारखेला मात्र कोण आले?

सोनईचा खटला जिल्ह्याबाहेर, नाशिकला चालवला गेला. जानेवारी २०१८ मध्ये तिथल्या सत्र न्यायालयाने सहा जणांना फाशीची शिक्षा सुनावली. खर्ड्याचा खटला नगरला चालला. बरेच साक्षीदार फितूर झाले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये आरोपी निर्दोष सुटले. त्याच महिन्यात, त्याच नगरच्या न्यायालयात, कोपर्डीच्या तिन्ही आरोपींना फाशीची शिक्षा झाली. ती झाली हे योग्यच झाले, असे मी तेव्हाही म्हणालो आणि आजही म्हणतो. ती पोर आमचीच लेक होती. आरोपी दलित होते म्हणून साऱ्या समाजाकडे बोट दाखवले गेले, मोर्चांतून ॲट्रॉसिटी कायद्याविरुद्ध मागण्या झाल्या, ते मात्र योग्य नव्हते. गुन्हेगार गुन्हेगार असतो. जेधे-जवळकरांवर 'देशाचे दुश्मन' पुस्तकावरून खटला झाला तेव्हा १९२६ साली त्यांचे वकीलपत्र बाबासाहेबांनीच घेतले आणि त्यांना सोडवले, हेही दोन्ही समाजांनी लक्षात ठेवावे.

माझा मुद्दा एवढाच, की एकाच कोर्टात एका महिन्यात दोन निकाल लागले. कोपर्डीत साक्षीदार उभे राहिले आणि टिकले. खर्ड्यात टिकले नाहीत. का टिकले नाहीत, हे मावशीला विचारा.

आणि इथेच एक गंभीर गोष्ट आहे. २० मार्च २०१८ रोजी (तारीख पाहा, चवदार तळ्याचीच) सर्वोच्च न्यायालयाने ॲट्रॉसिटी कायद्याचा गैरवापर होतो असे म्हणत अटकेपूर्वी चौकशीच्या आणि परवानगीच्या अटी घातल्या. २ एप्रिलला भारत बंद झाला. ऑगस्टमध्ये संसदेने कायद्यात कलम १८-अ घालून त्या अटी दूर केल्या, आणि १ ऑक्टोबर २०१९ रोजी न्यायालयाने स्वतःच ते निर्देश मागे घेतले. पण चहाच्या टपरीवर अजून ऐकू येते, "तुमच्या केसेस खोट्या असतात, बघा किती सुटतात." वाचकहो, मावशीच्या गावातला खटलाही सुटला. पोराचे डोके फुटले होते हे खोटे होते का? सुटलेला खटला खोटाच असतो असे नाही. पण प्रत्येक "मला दिसलं न्हाई" हा उद्या कायद्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरला जातो. आपण गप्प बसतो तेव्हा एक खटला जातोच, शिवाय कायद्याचाही एक दगड निखळतो.

मी बी.कॉम. झालेला कारकून. भाषण संपले की हिशेबाला बसतो. आमच्या वस्तीच्या मागच्या जयंतीचा जमाखर्च असा: वर्गणी जमा १,१८,००० रुपये. खर्च: डीजे व लाईट ७५,०००, भोजनदान २२,०००, मंडप-हार-बॅनर १६,५००. शिल्लक ४,५००. यात साक्षीदाराच्या एस.टी. भाड्याचा रकाना शोधून दाखवा. डीजेच्या भिंतीपुढे म्हाताऱ्या माणसांच्या छातीत धडधड होते, निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे, रात्री दहानंतर बंदी आहे, हे सारे आहेच. पण माझे दुःख वेगळे आहे. एवढा मोठा आवाज आमचा, आणि नगरच्या कोर्टात शिरताना तो बसतो.

म्हणून प्रत्येक घराने चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, फिर्यादीची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या आणि जपून ठेवा. या कायद्याखालील तपास पोलीस उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा असतो. दुसरी, २०१५ च्या दुरुस्तीने, जी २६ जानेवारी २०१६ पासून लागू आहे, कलम १५-अ आले. पीडित आणि साक्षीदारांना संरक्षण, प्रवासखर्च आणि निर्वाहखर्च मिळण्याचा हक्क त्यात आहे. आरोपीच्या जामिनाच्या वेळी पीडिताचे म्हणणे ऐकून घ्यावे लागते. बुडालेल्या रोजाचे पैसे मिळण्याची तरतूदही १९९५ च्या नियमांत आहे; पण मागितल्याशिवाय ते कोणी आणून देत नाही. तिसरी, धमकी येत असेल तर साक्षीदार संरक्षण योजना आहे; सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये तिला मान्यता दिली. अर्ज जिल्हा पातळीवर करता येतो. चौथी, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली दक्षता समिती असते आणि तिची बैठक दर तीन महिन्यांनी झाली पाहिजे. आपल्या पुढाऱ्यांना स्वागताच्या बॅनरवर फोटो लावण्याआधी विचारा, मागची बैठक कधी झाली? कोणत्या खटल्याचा प्रश्न मांडलात?

हे मला २०१९ साली पुरते ठाऊक नव्हते. ठाऊक असते तर मावशीला नुसते गाडीत बसवून नेले नसते. आधी अर्ज केला असता, मुकादमाची उचल फेडायला चार घरे उभी केली असती, तिच्या दारी पाण्याची सोय पाहिली असती. साक्षीदार धीराने उभा राहतो असे आपण म्हणतो. धीराला पाणी, भाकरी आणि शेजार लागतो.

यंदाच्या जयंतीच्या बैठकीत मी विहारात विषय मांडला. म्हणालो, डीजेची एक गाडी कमी करू, दहा हजार रुपये बाजूला काढू, 'साक्षीदार निधी' अशी वेगळी वही घालू. पोरे उसळली. एक म्हणाला, "म्हणजे आम्ही आवाज बंद करायचा का?" मी म्हणालो, "नाही रे बाबा. आवाज ठेव. पण तोच आवाज घेऊन तारखेला नगरला ये." बराच वेळ वाद झाला. शेवटी दहाचे पाच हजार झाले. वही मात्र झाली. पहिल्या पानावर तारीख टाकली आहे. दोन पोरांनी कोर्टात सोबत येण्यासाठी नावे लिहिली आहेत. त्यातला एक डीजेवाल्यांच्या गटातलाच आहे. तुमच्या वस्तीतही अशी एक वही घाला, पाचशे रुपयांनी सुरुवात केली तरी चालेल.

त्या दिवशी एस.टी.तून उतरल्यावर मी पुतण्याला फोन लावला. आता तो तिशीला आला आहे, एक लेकरू आहे. म्हणालो, "बाळा, ती रिंगटोन परत लाव. मी चुकलो होतो." तो थोडा वेळ गप्प राहिला. मग हसला आणि म्हणाला, "काका, आता फोन कायम व्हायब्रेटवरच असतो. सवय झाली."

सवय मीच लावली होती. मोडायलाही मलाच लागणार. पुढच्या तारखेला त्याला सोबत घेऊन जाणार आहे.

जयभीम.